चार अर्धमेले सेल

ओसाकाच्या निप्पोम्बाशी भागात जुन्या व्हिडिओ गेमची दुकानं पैशाला पासरी, पण उओझुमी कात्सुहिरो यांचं दुकान त्यांतलं नव्हे. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खुराड्यात कुणी गेमचं यंत्र घेऊन गेलं, की उओझुमी त्याला जिन्यातूनच परत पाठवत. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या वस्तूंशी त्यांना बोलायचंच नसे. यंत्राच्या आजूबाजूला जे जे लटकतं आणि सेलवर चालतं, तेवढंच त्यांचं. बिनतारी हातपॅड, छोट्या पडद्यावर बसवायचं दिव्याचं भिंग, आणि तो सुप्रसिद्ध यंत्रमानव, जो टीव्हीकडे टक लावून बघतो, चार सेल गिळतो आणि दोन मिनिटांनी एक भोवरा उचलून शेजारी ठेवतो. पस्तीस वर्षांपूर्वी पोरांना हे भविष्य म्हणून विकलं होतं. उओझुमी तेव्हा एका कारखान्यात त्या भविष्याच्या बुडाला सेलच्या कप्प्याची झाकणं बसवत. कारखाना बुडाला, भविष्य काही आलं नाही, झाकणं तेवढी उरली. त्या झाकणांवर या माणसाने पुढे पंचवीस वर्षं पोट भरलं.

जगात त्यांचा वैरी एकच, आत विसरलेला सेल. कप्प्याच्या पत्र्यावर ती पांढरी बुरशी दिसली की त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागे. मग कापसाच्या काडीने व्हिनेगर लावत ते गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेत.

"किती वर्षं होते हे आत?"

"आता आठवत नाही हो..."

"कसं आठवेल! तुम्हाला कुणी पेटीत कोंडून ठेवलं असतं, म्हणजे आठवलं असतं."

खाली कॉफीचं दुकान चालवणारा होंजो म्हणायचा, "उओझुमीसान, माणसं दुरुस्तीला येतात, गुन्हा कबूल करायला नाही." त्यावर उओझुमींचं उत्तर ठरलेलं. "दोन्ही एकाच पैशात करून देतो."

त्या वर्षी डिसेंबरात बाजारपेठेच्या मंडळाला काय अवदसा आठवली कोण जाणे. वर्षअखेरच्या मोठ्या साफसफाईसाठी त्यांनी उपयुक्त सूचनांचं पत्रक काढलं आणि सेलबद्दलची सूचना लिहायला सांगितली उओझुमींना. झालं! मर्कटाच्या हाती कोलीत. उओझुमींनी तीन दिवस खर्ची घालून दोन ओळी लिहिल्या. "घरातल्या प्रत्येक वस्तूतले सेल आजच काढून ठेवा. अपवाद नाही." 'अपवाद नाही'खाली दोन रेघा. आठशे घरांत पत्रक गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं कुणी ऐकतंय, या आनंदात उओझुमींनी नववर्षाच्या मोचीचे, त्या चिकट तांदळाच्या वड्यांचे, दोन तुकडे जास्त खाल्ले.

आणि खरंच, त्यांचं एकीने ऐकलं.

सात जानेवारीला सकाळी वाकेबे फुसाए जिना चढून आल्या. बाजाराच्या टोकाला कोंबूचं, म्हणजे वाळवलेल्या समुद्री पाल्याचं, दुकान चालवणाऱ्या, सत्तरीला टेकलेल्या, भाव कमी करायला सांगणाऱ्याला आधी त्याच्या आईवडिलांची विचारपूस करणाऱ्या. एका हातात कापडात बांधलेलं काहीतरी, दुसऱ्या हातात ते पत्रक.

"हे लिहिणारे उंटावरचे शहाणे तुम्हीच का?"

"मीच," उओझुमी म्हणाले. अजून त्यांना कौतुकाचीच आशा होती.

बाईंनी कापड सोडलं. आत एक काळं, जाडजूड कार्ट्रिज होतं. कीबोर्ड जोडून घरच्या घरी गेम लिहायचं, मुलांच्या नावाने घेऊन मोठ्यांनीच खेळायचं ते जुनं प्रकरण. त्याच्या पोटात दोन पेन्सिल सेल बसतात. यंत्र बंद असताना लिहिलेलं सगळं त्या दोन सेलच्या जिवावर टिकून राहतं. सेल काढले की पाटी कोरी.

कप्पा उघडा होता, लख्ख, बुरशीचा कण नाही. आणि रिकामा.

"माझ्या नवऱ्याने, यासुजीने, लिहिलेला गेम होता यात," बाई म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं झाली त्याला जाऊन. दर वर्षी त्याच्या दिवसाला मी यंत्र चालू ठेवून सेल बदलते, त्यानेच शिकवलं होतं तसं. मग एक डाव खेळते आणि ठेवून देते. सत्तावीस वर्षं एकदा चुकले नाही. आणि यंदा घरातले सगळे सेल काढले. टॉर्चचे, ट्रान्झिस्टरचे, याचेही. म्हटलं, जाणकार माणसाने लिहिलंय, दोन रेघा मारल्यात, त्याला काही कळत असेल!"

या कार्ट्रिजबद्दल निप्पोम्बाशीत कुणाला ठाऊक असायला हवं होतं, तर उओझुमींनाच. ठाऊक होतंही. पण रेघा मारण्याच्या नादात अपवाद कोण लक्षात ठेवतो? याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण, आणि तेही आठशे प्रतींत. एरवी गिऱ्हाइकाला बोलू न देणारा तो माणूस स्टुलावरून उठला आणि कमरेत वाकून म्हणाला, "चूक माझी आहे. माझीच आहे."

"ते मला माहीत आहे. पुढे बोला."

"टेपवर उतरवून ठेवला होता का कधी?"

होता. एकदाच, सत्त्याऐंशी साली. तेव्हा लिहिलेला गेम किंचाळीसारख्या आवाजात टेपवर साठवता येई, आणि टेप वाजवली की तो परत कार्ट्रिजमध्ये चढे. दुसऱ्या दिवशी बाई तोच जुना टेपरेकॉर्डर आणि टेप घेऊन आल्या. उओझुमींनी टेप उजेडात धरली. तपकिरी भुकटी बोटाला लागत होती.

"ही फार तर तीनदा वाजेल. चौथ्यांदा नुसती पट्टी उरेल. यासुजीसानचा दिवस कधी?"

"एकोणीसला. आणि तोवर झालं नाही, तर तुमच्या त्या पत्रकाच्या आठशे प्रती मी तुम्हाला कोंबूसारख्या उकळून चारीन."

उओझुमींनी रेकॉर्डरचा पट्टा बदलला, टेप वाचणारं हेड पुसलं, आणि तत्त्वाप्रमाणे चार कोरेकरकरीत सेल घातले. टेप किंचाळायला लागली. किंचाळी चढत चढत गेली, आणि कार्ट्रिजने पडद्यावर चूक असल्याचं सांगून हात वर केले. एक वेळ वाया.

पण उओझुमींचे कान कारखान्यातले. आवाज का चढतोय ते त्यांनी बरोबर ओळखलं. टेप भरताना रेकॉर्डर दमत दमत चालला होता. सुरुवातीला हळू, शेवटी त्याहून हळू, म्हणून आता ताज्या सेलवर आवाज चढत होता.

"वाकेबेसान, तुमचे यजमान यात सेल कसले घालायचे?"

बाई पहिल्यांदाच जरा ओशाळल्या. ओसाकात काटकसरीला सद्गुण म्हणतात, आणि यासुजी सद्गुणांचा पुतळा होता. वाकेबेंच्या घरात सेलना हुद्दे होते. नवा सेल आधी टॉर्चमध्ये. तिथे मंदावला की ट्रान्झिस्टरमध्ये. तिथे घोगरा झाला की रेकॉर्डरमध्ये. आणि तिथेही मान टाकली की भिंतीवरच्या घड्याळात, पेन्शनीवर. कचऱ्यात जाण्याआधी सेल चार नोकऱ्या करायचा.

"मी रोज ओरडायचे," बाई म्हणाल्या. "म्हणायचे, अरे शंभर-दोनशे येनच्या सेलसाठी जीव काय काढतोस? टेप नीट भरायची नाही अशाने. तर हा गप्प. हूं नाही की चूं नाही. जन्मात कधी 'तुझं बरोबर आहे' म्हणाला नाही मेला."

उओझुमींनी दुसरी वेळ स्वतःच्या हुशारीवर खर्च केली. सेलच्या जागी वीज देणारी पेटी लावली आणि टेप चालू असताना बटण हळूहळू मागे फिरवत नेलं. अर्धा गेम चढला. मग बटण जरा जास्तच फिरलं आणि सगळं कोसळलं. त्या दिवशी होंजोने वर कॉफी पाठवली, तिचे पैसेही मागितले नाहीत. यावरून उओझुमींचं तोंड कसं झालं असेल ते समजावं.

तरुण असताना मरत्या सेलची चाल हाताने करता आली असती कदाचित. एकाहत्तराव्या वर्षी ती एकच गोष्ट करू शकत होती, मरता सेल. आणि नेमका तोच या दुकानात मिळत नव्हता! पंचवीस वर्षं जो सेल दिसला की ते हाकलून देत होते, त्याच्यासाठी आता त्यांनी फोन उचलला.

"वाकेबेसान, तुमच्या घरात ती हुद्द्यांची पद्धत... अजून आहे?"

"तो गेला म्हणून मी उधळपट्टी करू का?" बाई म्हणाल्या. "तुमचं पत्रक वाचून काढले होते ते परत ज्याच्या त्याच्या जागी घातलेत. ट्रान्झिस्टरमधले सध्या अगदी घोगरे झालेत. चार आहेत."

अठरा तारखेला दुपारी बाई चार सेल हातरुमालात बांधून घेऊन आल्या. उओझुमींनी मीटर लावला. एरवी असा सेल आणणाऱ्याची त्यांनी सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली असती. आज म्हणाले, "छान मेलेत. म्हणजे... छान आहेत." आणि स्वतःच्या हाताने ते आत बसवले. खालून वर आलेला होंजो दारात उभा होता.

टेप चालू झाली. या वेळी किंचाळी चढली नाही. सरळ, जराशी पेंगुळलेली, एकाच सुरात चालत राहिली. मोटर दमत होती तसा तो सत्त्याऐंशी सालचा रेकॉर्डरही दमत होता, आणि दोघे बरोबर पावलं टाकत शेवटापर्यंत पोचले. पडद्यावर 'ठीक' उमटलं. उओझुमींनी डोळे मिटून घेतले. बाईंनी ओठ घट्ट दाबून धरले होते.

मग बाईंनी एक डाव खेळला. ठोकळ्यांची बाई, हातात टोपली, वरून कोंबू पडतोय. तीन पट्ट्या चुकल्या की दुकान बंद. पाऊण मिनिटात खलास.

"इतकाच?" होंजोच्या तोंडून निघून गेलं.

"इतकाच," बाई म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं इतकाच आहे."

"थांबा," उओझुमी म्हणाले. "एखादी ओळ गळली असेल, तर आजच कळलेली बरी. लिहिलेलं सगळं एकदा बघून घेऊ." त्यांनी कीबोर्डवर हुकूम दिला आणि यासुजीने टंकलेल्या ओळी एकेक करून वर सरकायला लागल्या. आकडे, टोपली, कोंबू. बाईंनी हे कधी पाहिलं नव्हतं. त्यांना फक्त खेळायचं शिकवलं होतं, उघडून वाचायचं नाही.

शेवटी काही ओळी वेगळ्याच होत्या. प्रोग्रॅममध्ये यंत्राने सोडून द्यायची आणि माणसाने वाचायची अशी टिपणं लिहिता येतात, तसली. उओझुमींनी एकदा वाचली, आणि मग खुर्ची मागे घेऊन बाईंना पुढे बसवलं.

"फुसाए आज पुन्हा ओरडली. सेलवरून.

टोपलीवाली फुसाए आहे. तिला सांगितलं नाही.

तिचंच बरोबर आहे. सगळ्याच बाबतीत.

आज सांगायचं होतं. राहिलं."

सत्तावीस वर्षं दर जानेवारीत नवे सेल घालून बाईंनी हे जिवंत ठेवलं होतं, एकदाही न वाचता. आणि सेल काढण्याचा गाढवपणा झाला नसता, तर पुढेही वाचलं नसतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. होंजो जिन्याकडे वळला. उओझुमींना रडू येत होतं, आणि ते येतंय हे लपवायला त्यांना काही जमेना.

"मेल्या," फुसाए पडद्याला म्हणाल्या, "हे तोंडाने बोलायला काय सेल लागत होते?"

मग त्यांनी नाक शिंकरलं आणि उओझुमींना ती ओळ पुन्हा वर आणायला सांगितली, बरोबर असल्याची.