फॉल लावलेली अष्टपुत्री

अष्टपुत्री हा शब्द आता कोणी वापरत नाही. लग्नात मुलीचा मामा तिला पिवळं सुती लुगडं देतो, ते नेसून ती गौरीहर पुजते. त्या लुगड्याला अष्टपुत्री म्हणायचे. कोरं पांढरं नऊवारी घ्यायचं आणि हळदीच्या पाण्यात बुडवायचं. कात्री लावायची नाही, सुई लावायची नाही. आठ मुलगे व्हावेत म्हणून हे नाव. मला तीन झाले, तेवढे पुरे झाले.

मी चौथी शिकलेली. नाशकात लग्नाघरी नवरीला नऊवारी नेसवून द्यायचं काम मी वीस-बावीस वर्षं केलं. नव्वद सालानंतर कधीतरी द्वारका चौकाजवळच्या एका मंगल कार्यालयात गेले होते, तिथली ही गोष्ट.

मुलीला वडील नव्हते. मामानंच वाढवलेली. तो अंबडला कारखान्यात कामाला. अष्टपुत्री त्यानं स्वतः बादलीत रंगवली होती, त्याची नखं अजून पिवळी होती. मी घडी उलगडली आणि थांबले. खालच्या काठाला आतून फॉल लावलेला, चांगला पाच-सहा हात. मामीनं हौसेनं मशीनवर शिवून घेतला होता. कायम पाचवारी नेसणारी बाई, साडी आणली की फॉल लावायचा एवढंच तिला ठाऊक. नऊवारीला कुठे फॉल असतो?

तेवढ्यात मुलाची आत्या आत आली. तिनं काठ बोटांत धरून पाहिला.

“अष्टपुत्रीला सुई? ही बाजूला ठेवा. आम्ही पिवळा शालू आणलाय, तो नेसवा.”

“फॉल उसवते,” मी म्हणाले.

“मुहूर्ताला तास राहिलाय. पूजा कधी व्हायची?”

“तुम्ही अशा उभ्या राहिलात तर व्हायचीच नाही.”

“पंधरा मिनिटं देते. नाहीतर शालू,” म्हणाली आणि गेली.

मामा दारातच होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. “ताई, होईल ना?”

“आधी दारातून सरका. उजेड अडवताय.”

मी ब्लेड घेतलं. मशीनची टीप बारीक, दोरा कापडात रुतलेला. निम्मा फॉल निघाला आणि घाईत ब्लेड घसरलं. काठाजवळ दोन बोटं कापड फाटलं. नवरीनं पाहिलं.

“काकू, फाटलं?”

“हळू बोल.”

फाटकं वस्त्र नवरीच्या अंगावर चालत नाही, हे त्या आत्यानं मला शिकवायची गरज नव्हती. चूक माझी होती. पण ती कबूल केली असती तर शिक्षा मामाला झाली असती. त्याचं लुगडं पिशवीत गेलं असतं.

उरलेला फॉल काढला. हळदीत रंगवलेल्या साध्या सुती लुगड्याला उलट-सुलट नसतं, दोन्ही काठ सारखेच. मी खालचा काठ वर घेतला. फाटलेली जागा आणि सुईची भोकं कमरेला खोचली गेली. पोरगी सारखी वाकून काठाकडे पाहत होती. “सरळ उभी राहा, नाहीतर कासोटा वाकडा बसेल,” मी दटावलं.

आत्या आली. खाली बसून तिनं पायाकडचा काठ सगळीकडून बोटांनी चाचपला. मग उठली आणि हात कमरेकडे नेला. “घट्ट आहे ना?”

“ओढू नका. सुटलं तर परत नेसवायला अर्धा तास लागेल.”

हात तिथंच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. नवरीनं डोळे मिटून घेतले होते.

“आता दिसतेय अष्टपुत्री,” आत्या म्हणाली आणि मुलीला गौरीहराकडे घेऊन गेली.

पहिली पंगत उठल्यावर मामा हात धुवायला आला, तेव्हा मी त्याला खरं ते सांगितलं.

“मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही त्या बाईच्या पाया पडला असता.”

“पडलो असतो,” तो म्हणाला. त्यानं हात पुसले. “आमच्या हिला सांगू नका. आत्याबाई काय बोलल्या ते कळल्यापासून रडतेय. फॉल सहज निघाला म्हणा.”

मामी दुसऱ्या पंगतीत बसली होती. मी जाऊन तसं सांगितलं. तेव्हा कुठे तिनं पानातल्या भाताला हात लावला.