पेटीच्या झाकणातली मुलगी

माझ्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून एका कॉमिकचं मुखपृष्ठ चिकटवलेलं आहे. एक मुलगी मगरीच्या पाठीवर उभी राहून नदी ओलांडते आहे. आतली पानं मला कधी मिळालीच नाहीत. साडी काढताना ती दिसते आणि बरं वाटतं.

परवा सुनेला रद्दीत तेच कॉमिक सापडलं. म्हणाली, “आई, घ्या. एकदाचं कळू दे, पोहोचते का ते.”

“नको गं. बुडाली असली तर?”

“मुलांचं पुस्तक आहे हो. कोण बुडवतंय तिला?”

खरं असेल. पण पोहोचली की ती उतरणार, घरी जाणार, कामाला लागणार. मुखपृष्ठावर ती अजून निघालेलीच आहे, म्हणून ती माझ्याजवळ इतकी वर्षं राहिली असावी.

पुस्तक मी नातीला दिलं. म्हटलं, “मनातल्या मनात वाच.”