गुळातली कॅप्सूल
गुळाचा खडा फोडला की मला अजून कॅप्सूलच्या कडू भुकटीचा वास येतो. माझ्या लग्नाआधी एका वर्षी माझ्या वडलांच्या, आबांच्या, टाचेत बाभळीचा काटा मोडला, पाय गुडघ्यापर्यंत सुजला, आणि मीच त्यांना उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सात दिवसांच्या कॅप्सूल देऊन मला बजावलं, “बरं वाटलं तरी मधेच सोडायच्या नाहीत.” तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि आबा काठी टेकत मेंढरांकडं गेले. तिथं त्यांची लाडकी गाभण मेंढी खुरात पू होऊन तीन पायांवर उभी होती. “मला गुण आलाय, आता ऱ्हायलेल्या तिला दे,” ते म्हणाले. “आबा, डॉक्टर सगळ्या संपवा म्हणलेत.” “अगं, माझं दुखलं तर म्या तोंडानं सांगीन. त्या मुक्या जिवानं कुणाला सांगायचं?” मी कॅप्सूल फोडून भुकटी गुळात मळायची, आबा तिचा जबडा धरायचे. मेंढीला त्यानं काहीच गुण आला नाही. पुढं गुरांच्या डॉक्टरनं खूर तासून धुतलं, तेव्हा ती चालायला लागली. आबांचा पाय मात्र पुन्हा चिघळला, आणि तोंडानं सांगणार होते ते आबा चार दिवस कुणाला काही बोलले नाहीत. सोलापूरला नेईपर्यंत विष अंगभर भिनलं होतं. मेंढीला दोन कोकरं झाली, ती बघायला आबा नव्हते. परवा ताप उतरल्यावर माझी लेक गोळी नको म्हणाली. मी ती तिच्या तोंडापुढं धरून उभी राहिले, आणि त्याआधी उगाचच बोटं पदराला पुसली.