पाठीमागचं बटण

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. तयार शर्ट खोक्यात जायच्या आधी तिच्या टेबलावर यायचा. ती तो उजेडाकडे धरायची, बाहीची शिवण दोन अंगठ्यांनी ताणायची, कॉलर उलटी करून बघायची आणि सुटलेला टाका दिसला की तिथे लाल दोरा बांधून शर्ट बाजूला टाकायची. "जावई बघायला गेली तरी आधी त्याची शिवण ताणून बघेल," असं कापड कापणारे म्हणत. ते तिच्या कानावर आलं होतं. तिला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं.

त्या काळी टीव्ही विकत घेणारी घरं गल्लीत एखाददुसरीच. बाकीचे दुकानातून भाड्याने आणत. भिंगबाईकडेही आला. चार पायांची लाकडी पेटी, तिला सरकती दारं. बटण दाबलं की आधी नुसती गुणगुण, मग मधोमध ठिपका, आणि मिनिटभराने माणूस उगवायचा. शेजारची पोरं दाराबाहेर चपला काढून हजर. भिंगबाईचा नवरा त्यांना सतरंजी अंथरून द्यायचा. ती स्वतः मागे खुर्चीत बसून टीव्हीपेक्षा बघणाऱ्यांवरच डोळा ठेवायची.

दुकानाचा करार तिने दोनदा वाचला होता. संच बिघडला तर दुरुस्ती फुकट. मात्र घरच्या कुणी पाठीमागच्या बटणांना हात लावला, तर संच परत जाणार.

दुसऱ्या महिन्यापासून दर बुधवारी संध्याकाळी चित्र वर वर धावू लागायचं. बातम्या सांगणाऱ्याचं पाय नसलेलं धड छताकडे पळायचं, खालून पुन्हा त्याचंच डोकं यायचं. नवरा दुकानात निरोप द्यायचा आणि गुरुवारी दुपारी मेकॅनिक यायचा. भिंगबाई तेव्हा कारखान्यात. नवऱ्याच्या ग्रंथालयाला गुरुवारी सुट्टी, पण तो घरी असला काय आणि नसला काय. बल्ब गेला तरी अंधारात बसून राहणारा माणूस. म्हणजे घरात खरी एकटी नणंद. वय छत्तीस, लग्न नाही, त्याच कारखान्याच्या शर्टांना घरी बसून काजं करायची.

"किती वेळ होता तो?" भिंगबाई विचारायची.

"झाला असेल तास-दीड तास."

"एक चित्र थांबवायला?"

"मी घड्याळ लावून बसत नाही, वहिनी."

पण नणंदेची काजं गुरुवारी वाकडी येत. हे भिंगबाईला टेबलावर दिसायचं. बाकीच्या दिवशी सुतासारखी सरळ.

नणंदेला एकदा फसवलं होतं एकाने. आधीचं लग्न झालेलं लपवून. त्यानंतर अकरा वर्षं ती मान वर करून हसली नव्हती. आता पुन्हा कुणी तसा भेटला तर ही पोरगी उठायची नाही, ही भिंगबाईची धास्ती. तो मेकॅनिकच मुद्दाम दोष ठेवून जातो, पुन्हा यायला मिळावं म्हणून, अशी तिची खात्री झाली. एका सोमवारी कारखान्यातून परस्पर दुकानात गेली आणि तक्रारवहीत तसं लिहून सही ठोकून आली. घरी अवाक्षर बोलली नाही.

तरी मन मानेना. त्याला आतून साथ असली तर? मंगळवारी तिने कारखान्यातून शिंप्यांचा निळा खडू आणला आणि संचाच्या पाठीमागच्या बटणावर घासून ठेवला.

बुधवारी चित्र धावलंच. गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दारात मेकॅनिक आला तो भलताच, केस पिकलेला, जिना चढून धापा टाकणारा. त्याने मागे हात घातला, चित्र जागेवर आणलं आणि बोटं बघितली.

"संचाला धाड भरलेली नाही. कुणीतरी बटण पिळतंय. आणि बाई, हा निळा रंग कसला?"

"ते राहू द्या. आधीचे कुठे गेले?"

"गोदामात खोकी उचलतोय. कुणीतरी त्याच्या नावाने लिहून दिलं. शनिवारी मालक घरी बसवणार."

नणंदेने सुई शर्टातच टोचून ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. भिंगबाईने म्हाताऱ्याला जिन्यात गाठलं. "त्यांना बायकामुलं किती?"

"त्याला? आई आहे एक. तेवढी पुरते."

ती परत येऊन नणंदेसमोर उभी राहिली. "हात दाखव."

नणंदेने दोन्ही तळवे पुढे केले. डोळे भरलेले, हात कोरे. खाटेवर कालपासूनचे बारा पांढरे शर्ट होते. भिंगबाईने एकेक उजेडात धरला. निळ्याचा ठिपका नाही.

मग तिची नजर खुंटीवर गेली. नवऱ्याची कालची पँट. खिशाच्या काठाला बोट पुसल्याचा निळा पट्टा.

नवरा आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून होता.

"अहो, हे काय?"

त्याने पट्टा बघितला. पेपराची घडी घातली. "तो आला की ती हसते. मला इथवर ऐकू येतं."

"म्हणून टीव्ही बिघडवायचा? त्याला सरळ विचारायचं."

"मला नाही जमत विचारायला. म्हटलं, चार वेळा आला तर त्यांचं तेच बोलतील."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू त्याची शिवण ताणली असतीस."

भिंगबाईने पँट पुन्हा खुंटीला अडकवली. चांगल्या मालाला लाल दोरा बांधला होता तिने. तिने चपला घातल्या.

दुकानदाराने ऐकून घेतलं आणि तक्रारवही तिच्यापुढे सरकवली. "तोंडी चालणार नाही, बाई. लिहून द्या. पण मग नियमाप्रमाणे संच परत न्यावा लागेल."

आजवर तिने दुसऱ्यांचेच दोष लिहिले होते. आता तिने लिहिलं : 'दोष आमच्या घरचा. मेकॅनिकचा काही नाही.' सही केली आणि म्हणाली, "न्यायला त्यांनाच पाठवा."

शुक्रवारी तो आला. उंच, किडकिडीत, नव्या घरात आल्यासारखा अवघडलेला. सतरंजीवरच्या पोरांची तोंडं उतरली. भिंगबाईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. कोपरापाशी शर्ट उसवला होता.

"तुमची आई शिवत नाही का?"

"तिला दिसत नाही हल्ली."

"मग या रविवारी शर्ट घेऊन. आईलाही आणा. टीव्ही नसेल, चहा असेल."

तो नणंदेकडे बघायला लागला. नणंद उठली आणि तिने पेटीची दुसरी बाजू धरली. दोघं एकेक पायरी, थांबत थांबत जिना उतरू लागली. नवरा लगबगीने पुढे झाला. "मी धरतो की."

भिंगबाईने त्याची बाही पकडली. "तुम्ही बसा. पुष्कळ हातभार लावलात."