औषध कुणाचं फसणार, सांगा बरं

आमच्या केंद्रात रजिस्टरं पुष्कळ होती. नाव, गाव, वजन, गोळ्या, सगळ्याला रकाना. पण माणसं समोरच्या खुर्चीत बसून जे बोलून जायची, त्याला रकाना नव्हता. म्हणून ते माझ्याकडे साठत गेलं. जालना जिल्ह्यात एचआयव्हीची सरकारी औषधं नुकती मिळू लागली होती, तेव्हाच्या या गोष्टी. मी तिथं समुपदेशक होतो, म्हणजे बोलायच्या कामाला.

दर सहा महिन्यांनी पेशंटचं रक्त तपासणीला जायचं आणि सीडी-फोरचा आकडा यायचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी किती उरल्यात ते. आकडा चढला तर औषध लागू पडतंय. पडला तर एक तर माणूस गोळ्या चुकवतोय, नाहीतर विषाणू औषधाला सरावलाय. सरावला की ते औषध गेलं कामातून, आणि पुढच्या औषधासाठी तेव्हा मुंबई गाठावी लागायची. त्यामुळे रिपोर्टच्या आधीच 'कुणाचं औषध फसणार' हे ओळखायचा आम्हा तिघांना नाद लागला. डॉक्टर मॅडम वजनावरून सांगायच्या, औषधं देणारे खरातकाका बाटलीवरून, आणि मी बोलण्यावरून. तिघंही छातीठोकपणे चुकायचो.

* * *

काकांची पद्धत सोपी. बाटलीत साठ गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. बोलवायचं अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे चार उरल्याच पाहिजेत. मस्तगडचे एक शेठजी दर महिन्याला बरोब्बर चार आणायचे. काका त्यांची बाटली बाकीच्यांना आदर्श म्हणून दाखवायचे.

एकदा घरच्या लग्नामुळे शेठजी दोन दिवस उशिरा आले. तरी बाटलीत चार.

"शेठजी, आज तर बाटली रिकामी पाहिजे होती," काका म्हणाले.

"अशी कशी रिकामी? चार जमा कराव्या लागतात ना तुमच्याकडे? चारच राहिल्या, म्हणून दोन दिवस घेतल्याच नाही. तुमचा नियम बिलकुल मोडला नाही मी."

काकांनी त्या दिवसापासून बाटली दाखवणं बंद केलं.

* * *

शहागडचा एक ट्रक ड्रायव्हर होता. महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. मॅडम म्हणाल्या, "हा सहा महिन्यांत फसणार, लिहून घ्या." मी खरंच लिहून घेतलं. रिपोर्ट आला तर त्या खेपेला सगळ्यांत जास्त आकडा त्याचाच चढलेला.

मॅडमनी त्याला मुद्दाम बसवून घेतलं. "गोळीची आठवण कशी ठेवतोस?"

"मी कुठं ठेवतो? शहागडपासून हैद्राबादपर्यंत सगळ्या ढाबेवाल्यांना सांगून ठेवलंय, मला शुगर हाय म्हणून. बसलो की तेच इचारतात, गोळी घेतली का?"

"वा. मग त्रास काहीच नाही."

"हाय ना. सहा महिने झाले मॅडम, कुणी गोड चहा देऊन न्हाई राह्यलं."

* * *

आता माझी फजिती. एक गुरुजी यायचे. गोळी किती वाजता, चुकली तर काय, विषाणू सरावतो कसा, सगळं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं सांगता यायचं. नवीन पेशंटला मी त्यांच्याकडेच बसवायचो. यांचं औषध कधीच फसणार नाही, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. आकडा निम्म्यावर आला.

"गुरुजी, तुम्ही सुद्धा?"

ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही दर वेळी विचारलंत, गोळ्या कशा घ्यायच्या. घेता का, हे कधी विचारलंत?"

मला राग आला, आणि तो माझाच आला. त्यानंतर मी प्रश्न बदलला. कालचा दिवस कसा गेला ते सांगा, एवढंच विचारायचो.

* * *

गयाबाईंची गोष्ट मात्र मी अजून धड सांगू शकत नाही, मध्येच थांबतो. पिंपळगाव रेणुकाईच्या त्या, पन्नाशीच्या आसपास, घरची शेती. तारीख कधी चुकली नाही, बाटलीत चार गोळ्या नेमक्या. आम्ही तिघांनी पहिल्यांदाच एकमतानं सांगितलं होतं, यांचं औषध चालणार. पण आकडा लागोपाठ दोनदा घसरला, वजन उतरलं. मॅडमनी मुंबईला पाठवायचे कागद काढले. ते पुढचं औषधही फसलं असतं, तर त्यांच्यासाठी मागे काहीच उरत नव्हतं. म्हणून कागद जायच्या आधी मी त्यांना एकदा बसवलं.

"कालचा दिवस सांगा, गयाबाई."

"सकाळी चहा केला, गोळी घेतली, वावरात गेले."

"आणि संध्याकाळची?"

"सांजची मालकाला देते." त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. "त्ये तपासायला येत न्हाईत. नाव लागलं की गावात कळंल म्हणतात. मंग काय तसंच सोडू त्यांला? कसला खोकला व्हता, रातरात बसून काढायचे. गोळी चालू केली अन् महिन्यात गेला बगा. आता तर रातचं राखणीला वावरातच झोपतात."

मालक बाहेर बाकावरच बसले होते. मॅडमनी आत बोलावलं आणि दोघांना चांगलंच झापलं. अर्ध्या औषधानं विषाणू मरत नाही, सरावतो. अशानं दोघंही जाल, असं स्पष्ट सांगितलं.

मालकांनी ऐकून घेतलं. मग बंडीच्या खिशातून कापडी पिशवी काढली आणि मॅडमच्या टेबलावर उलटी केली. गोळ्या. टेबलभर पसरल्या.

"म्या एक बी खाल्ली न्हाई," ते खाली बघत म्हणाले. "हिच्यासमोर तोंडात टाकल्यासारखं करायचो अन् मुठीत ठेवायचो. घरात हिला घावतील म्हणून पिशवी संगंच वागवतो. सरकारचं औषध कवा बंद पडलं, तर हिला असाव्यात म्हणून."

गयाबाईंनी त्या गोळ्या गोळा करून पुन्हा पिशवीत भरल्या. मग नवऱ्याकडे वळल्या.

"मंग तुमचा खोकला कशानं गेल्ता?"