निवडून टाकलेलं लोह

माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना लागला तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं आणि हिमोग्लोबिन सात निघालं. डॉक्टरीणबाईंनी आईला झापलं, "पोरीला खायला घालता की नाही?" ते आईच्या जिव्हारी लागलं. पहिलं बाळंतपण म्हणून तिने हौसेने लेकीला माहेरी आणलं होतं. तिने मला लातूरला फोन लावला आणि रडतच म्हणाली, "तू ये बाई. तू शिकलेली हायेस."

शिकलेली म्हणजे मी लातुरात एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरापोरींकडून लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ घोकून घेते. लोह कमी पडलं की रक्त प्राणवायू पुरेसा वाहून नेत नाही, बाळ नीट पोसत नाही, बाळंतपण आईच्या जिवावर बेतू शकतं, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. रविवारी एसटीने गेले. आमचं गाव रेणापूरच्या थोडं पुढे आहे.

ओसरीवर आई आणि शेजारची काकू सूप घेऊन कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा, तांदूळ निवडत बसल्या होत्या. खडे काढत असतील असं मला वाटलं. जवळ जाऊन बघते तर वाटीत खडे नव्हतेच. तांदळाचेच दाणे होते, जरा पिवळसर, जरा वेगळे दिसणारे.

"हे काय काढताय?"

"प्लास्टिकचे हायत. तांदळात मिसळून राहिले. हिच्या वाटणीचा मी दोनदा निवडते, पोटुशी हाय म्हणून," आई अभिमानाने म्हणाली. काकूने वाटी अंगणात उपडी केली आणि कोंबड्या धावत आल्या. कोंबड्या प्लास्टिक इतक्या आवडीने कशाला खातील, हा प्रश्न दोघींपैकी एकीलाही पडला नव्हता.

माझं डोकंच फिरलं. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून त्याचे पुन्हा दाणे पाडतात आणि रेशनच्या तांदळात मिसळतात. ज्यांच्या ताटात भाताखेरीज फारसं काही पडत नाही, त्यांना निदान भातातून तरी ते मिळावं म्हणून. नुसत्या त्या दाण्यांनी बहिणीचं रक्त भरलं असतं असं मी म्हणत नाही. तिला गोळ्या हव्या होत्या, डाळ, पालेभाजी, अंडं हवं होतं. पण जे आयतं घरात आलं होतं, तेवढंच नेमकं वेचून फेकलं जात होतं, तेही मायेने, दोनदा. आमच्या कोंबड्यांचं रक्त मात्र चांगलं भरलं असणार.

मी तशीच तणतणत कंट्रोलच्या दुकानात गेले. तांदळात लोह घातल्याची खूण पोत्यावर निळ्या अक्षरांत छापलेली होती, इंग्रजीत. आमच्या गल्लीतल्या एकाही बाईला ती वाचता येत नाही.

"हे दाणे कशाचे आहेत ते बायकांना सांगता का कधी?" मी दुकानदाराला विचारलं.

"मला तरी कोण सांगितलंय, म्याडम? आलं तसं वाटून राहिलो."

मी त्याला नको नको ते बोलले. वरच्या साहेबलोकांचाही उद्धार केला. ताटात काय वाढलं ते सांगायची पद्धत घराघरांत असते, मग तांदूळ वाटणाऱ्यांना तेवढंही सुचू नये? लोकांना अडाणी ठेवायचं आणि वर अडाणी म्हणून हसायचं, याची मला मनापासून चीड येते.

घरी परतले तरी माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "कुण्या शहाण्याने तुमच्या डोक्यात हे प्लास्टिकचं खूळ भरलं?" मी आईवर ओरडले.

आई आत गेली. मोबाईल घेऊन आली आणि घरच्या ग्रुपवरचा एक व्हिडिओ माझ्यापुढे धरला. कुणीतरी तव्यावर तांदूळ जाळून दाखवत होतं. वर धाडणाऱ्याचं नाव माझं होतं.

"तूच तर धाडलीस, बाई. म्या अख्ख्या गल्लीला दाखवला. आमची मास्तरीण सांगतीय म्हणलं."

मला आठवलं. स्टाफरूममध्ये, दोन तासांमधल्या सुट्टीत, चहा पिता पिता. पुरता पाहिलाही नव्हता, अंगठा दाबून धाडला आणि पुढच्या तासाला रक्तक्षय शिकवायला गेले. दुकानदाराला दिलेल्या शिव्या खरं तर मलाच पडायला हव्या होत्या.

ग्रुपवर मी लगेच चूक कबूल केली. आईने निवडणं थांबवलं. काकू मात्र म्हणाली, "तवा सांगितलीस ते खरं, का आता सांगतीस ते?" ती अजूनही निवडते आणि मला तिला काही बोलायला तोंड नाही.

आठव्या महिन्यात बहिणीला रक्त चढवावं लागलं. मी तिच्या उशाशी बसले होते. तिच्या हाताला सुई लावलेली, ओठ पांढरेफटक. तिला म्हटलं, माझ्यामुळे झालं हे. तिने ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

"अक्का," ती म्हणाली, "आता काय काय खाऊ ते तूच सांग. तू सांगशील तेच खाईन."