बाईंचे कान माझ्या फोनात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंचे आहेत. आई-वडिलांचे असतातच, ते वेगळे. पण मी आज उज्जैनला बँकेत अधिकारी आहे, माधव नगरात माझं घर आहे, आणि घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावात अजून माझं उदाहरण देतात, ते सगळं बाईंमुळे. वडील त्यांच्याच शाळेत शिपाई होते. आई बाईंकडे भांडी घासायला जायची आणि मी तिच्याबरोबर जायचो. तिचं काम होईपर्यंत बाई मला ओसरीवर बसवून वाचायला लावायच्या. शाळा हिंदी होती. मराठी लिहायला मी त्या ओसरीवर शिकलो.

बाईंचा एक नियम होता. कोणी काही चुकीचं केलं की त्याने वहीच्या नव्या पानावर लिहायचं: काय केलं, केव्हा केलं, कोणाशी केलं. बस्स. "का केलं ते लिहू नकोस," त्या म्हणायच्या, "ते लिहायला लागलास की खोटं सुरू होतं." मी अशी दोन-तीनच पानं भरली असतील. चांगला मुलगा होतो मी.

बाईंना ऐकू येत नाही हे मला फोनवर कळलं. दर रविवारी मी फोन करायचो, आणि गेल्या वर्षी त्या प्रत्येक वाक्याला "हो, हो, छान" म्हणायला लागल्या. बायकोला डेंगू झाला होता, ते सांगितलं, तरी "छान." तेव्हा मी गाडी घेऊन गेलो आणि त्यांना घेऊनच आलो. बायको म्हणाली, "राहू देत की महिनाभर. मलाही सोबत."

फ्रीगंजमध्ये टावर चौकाजवळ पहिल्या मजल्यावर कानाच्या मशीनचं क्लिनिक आहे. तिथे एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी बाईंना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि सांगितलं, "माताजी, बारीक आवाज आला की बोट वर करायचं."

"माताजी नको. बाई म्हण," बाई म्हणाल्या आणि बोट वर करून बसल्या.

"अजून सुरू नाही केलं."

"मी तयार आहे एवढंच सांगितलं."

निकाल आला तो कागदावर उतरणीसारखा दिसत होता. जाड आवाज येत होते, बारीक गेले होते. स, श, थ, फ, बायका-मुलांचे आवाज, चिमण्या. बाईंनी कागद चष्म्याजवळ धरून पाहिला. "म्हणजे शेवटच्या बाकावरचं काही येत नाही. डाव्या कानात तर मी नापासच."

मग निवड. मी विचारलं, "आत जाणारं मिळेल ना? अजिबात दिसणार नाही असं?" मॅडम म्हणाल्या, "मिळतं, पण त्याचा सेल शेंगदाण्याच्या फोलाएवढा. यांची बोटं आखडलेली आहेत, रोज बदलता येणार नाही. कानामागचं घ्या. रात्री डबीत ठेवलं की चार्ज होतं. फोनवरून आवाज कमी-जास्त करता येतो." मी तरी विचारलं, केसांत लपेल असा रंग आहे का. बाईंनी ट्रेमधून राखाडी सोडून चक्क लाल उचललं. "दिसू दे की. लोकांना कळेल, जरा तोंड उघडून बोलतील."

मी हसलो. पण मला ते आवडलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो.

बाईंकडे साधा बटणांचा फोन. त्यामुळे ॲप माझ्या फोनात घातलं. तीन आठवडे ट्रायल, दर शनिवारी क्लिनिकमध्ये यायचं, मॅडम कॉम्प्युटरवर थोडं थोडं वाढवणार. कोणता आवाज त्रास देतो ते लिहून आणा, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी खाली उतरताच समोरच्या दुकानातून शंभर पानी वही घेतली.

पहिला आठवडा मजेचा गेला. स्वतःचा आवाज त्यांना माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटायचा. स्वयंपाकघरात ताटली पडली की त्या दचकायच्या. एकदा शेव तोंडात टाकली आणि हात कपाळाला लावून थांबल्या. "अरे, डोक्यात कोणी खडी फोडतंय!" बायकोने पुढे पोहे ठेवले, म्हणाली, "हे घ्या, हे मुके आहेत." बाई इतक्या हसल्या की मशीन शिट्टी मारायला लागलं. वहीत नोंदी होत्या: "सकाळी सात, स्टीलची भांडी, फार. साडेसात, फोडणी, उत्तम. अकरा, ई-रिक्षाचा भोंगा, असह्य. चार वाजता, गच्चीवर कुठलासा पक्षी, नाव विसरले होते, आवाज विसरले नव्हते."

संध्याकाळी त्या मला बोलवायच्या, "बेटा, जरा दोन पायऱ्या वर घे." मी फोनवरची पट्टी वर सरकवायचो. त्या डोळे मिटून म्हणायच्या, "बस. आता तू आलास."

दुसऱ्या रविवारी मराठी मंडळातली तीन-चार माणसं घरी आली. मला सचिव करायचं त्यांच्या मनात होतं. उज्जैनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली घराणी. कोणाचे पणजोबा दरबारात कारकून होते, कोणाचे दप्तरदार. त्यांच्यात मी माझ्या वडिलांबद्दल नेहमी "शिक्षण खात्यात होते" एवढंच सांगत आलो होतो. ते खोटं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

बाईंना सगळं ऐकू येत होतं. त्या खुशीत होत्या. कोणीतरी विचारलं, तुमची ओळख कशी, आणि बाई सांगू लागल्या. "याचे वडील आमच्या शाळेत घंटा वाजवायचे. काय घंटा वाजवायचा तो माणूस! एक मिनिट मागे नाही, पुढे नाही. आणि याची आई माझ्याकडे भांड्यांना होती, तेव्हा हा एवढासा..."

"अच्छा, म्हणजे शिपाई होते?" एकाने विचारलं. वाईट हेतूने नाही. पण मग सगळ्यांनी एकदमच चिवड्याला हात घातला.

पुढच्या बुधवारी ती मंडळी परत आली. दारावरची घंटी वाजली तेव्हा फोन माझ्या हातातच होता. मी पट्टी खाली ओढली, शेवटपर्यंत. बाई आत सोफ्यावर बसल्या होत्या. लोक बोलत होते आणि त्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून हसत होत्या. मग हसणंही थांबलं. मशीन काढून त्यांनी पदराला पुसलं, परत घातलं. तासाभराने मंडळी गेली, मी पट्टी वर केली. बाई म्हणाल्या, "आला, आला! काय झालं होतं कोण जाणे."

असं मी चारदा केलं.

ऑफिसात डबा खाताना मी ते एका सहकाऱ्याला सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं. म्हटलं, आपल्याकडे आता टीचरजींचं बटण आहे. तो पोट धरून हसला. मीही हसलो.

तिसऱ्या शनिवारी बाईंनी वही मॅडमसमोर उघडून ठेवली. चार नोंदींवर लाल पेन्सिलीने खूण होती. "बुधवार, साडेसहा ते साडेसात, पाहुणे आले, मशीन बंद. शुक्रवार, तसेच." मॅडमनी दोन्ही मशीनं तपासली, मळ अडवणाऱ्या बारीक जाळ्या बदलल्या, कॉम्प्युटरला जोडून पाहिली. "मशीन एकदम ठीक आहे. चारही वेळा पाहुणे? फोनवरून तर कोणी कमी केलं नव्हतं ना?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "नाही."

बाई म्हणाल्या, "तो कशाला करेल? उलट रोज वाढवून देतो."

मॅडमनी, कदाचित जोडणीतच गडबड असेल म्हणून, माझ्या फोनमधून मशीनं काढून पुन्हा नव्याने जोडली. काहीतरी सांगितलंही त्यांनी, की आता फोनचा आवाजही यांच्या कानात जाईल, नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. मी हो हो म्हणत होतो. तेव्हा मी फक्त जिन्याकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाई गॅलरीत वही घेऊन बसल्या होत्या, हातात चहाचा ग्लास. मी आत जेवणाच्या टेबलाशी. त्या सहकाऱ्याचा व्हॉइस मेसेज आला. मी लावला. वेळेची रेघ पुढे सरकत होती, आवाज येत नव्हता. मला वाटलं फोन अडकला. आवाज पूर्ण वाढवला आणि परत लावला. नाही. पुन्हा एकदा लावला.

वर पाहिलं तर बाई वळून माझ्याकडे बघत होत्या. ग्लास हातात तसाच होता.

त्यांनी तीनदा काय ऐकलं ते मी नंतर, एकट्याने, एकदाच ऐकलं. "क्यों भाई, आज टीचरजी को म्यूट किया कि नहीं? मंडल वाले आने वाले थे ना? अरे यार, ऐसा बटन मेरी सास के लिए भी दिलवा दे!" आणि मग ते हसणं, बराच वेळ.

बाईंनी ग्लास खाली ठेवला. उजव्या कानाचं मशीन काढलं, मग डाव्याचं. टेबलावर येऊन दोन्ही डबीत नीट बसवली, झाकण लावलं.

"मशीनमध्ये बिघाड नाही रे," त्या म्हणाल्या. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्याने. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि आमच्या दोघांकडे बघत राहिली.

दुपारच्या बसने त्या गेल्या. मी गाडीने पोचवतो म्हटलं, त्यांनी नको म्हणून मान हलवली. देवास गेटच्या स्टँडवर बसच्या खिडकीशी उभा राहून मी बरंच काही बोललो. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. बस सुरू झाली तेव्हा म्हणाल्या, "मला काही पोचत नाहीये. लिहून पाठव. लिहायला शिकवलंय मी तुला."

डबी माझ्या टेबलावरच राहिली. आठ दिवस मी फोन उचलायचो, ते ॲप उघडायचो, बंद करायचो. पट्टी मधोमध होती. बायकोने एकदाच विचारलं, "त्यांचं तिकडे कसं चाललं असेल हो, कानांशिवाय?" मग मी पत्र लिहिलं. तीन वेळा फाडलं, तिन्ही वेळा त्यात "का" येत होतं. चौथ्यांदा जे पाठवलं ते असं.

बाईंना साष्टांग नमस्कार.

नव्या पानावर लिहीत आहे.

मी तुमच्या कानांचा आवाज माझ्या फोनवरून चार वेळा बंद केला. बुधवार, शुक्रवार, सोमवार आणि पुन्हा बुधवार, संध्याकाळी, पाहुणे असताना. तुम्ही माझ्या वडिलांची घंटा आणि आईची भांडी यांबद्दल बोलू नये म्हणून मी हे केलं नाही, असं आधीच्या कागदावर लिहिलं होतं. ते खोटं होतं, फाडलं. पुढे लिहीत नाही.

ही गोष्ट मी ऑफिसात हसत सांगितली.

शनिवारी क्लिनिकमध्ये मॅडमनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. तुम्ही माझ्या बाजूने बोललात तेव्हाही मी गप्प बसलो. हे सगळ्यात वाईट आहे असं मला वाटतं. क्रम तुम्ही लावा.

तुमच्या वहीत चार ठिकाणी "मशीन बंद" लिहिलं आहे. ते खोडून माझं नाव घाला. ती वही मॅडमना दाखवायची असली तर दाखवा. मी काल एकटा जाऊन त्यांना खरं सांगितलं. त्यांनी मशीनं माझ्या फोनातून काढून टाकली. आता आवाज कमी-जास्त करायचं बटण मशीनवरच आहे, उजव्या कानाचं वाढवायला, डाव्याचं कमी करायला. जाड आहे, तुमच्या बोटाला कळेल. दुसऱ्या कोणाच्या हातात आता काही नाही. ट्रायलची मुदत त्यांनी वाढवून दिली आहे.

मंडळाच्या बैठकीला गेलो होतो. वडील शाळेत शिपाई होते आणि घंटा वाजवायचे, आई तुमच्याकडे भांडी घासायची, हे उभं राहून सांगितलं. एकाने विचारलं, चहा घेणार का. मी घेतला. इतकंच झालं. एवढ्यासाठी मी तुम्हाला अंधारात बसवलं होतं.

मशीनं पोस्टाने पाठवत नाही, रविवारी घेऊन येतो. ती माझ्याकडे आहेत, तेव्हा दार वाजवलेलं तुम्हाला ऐकू येणार नाही. मी वाजवणारही नाही. सकाळी सहाला दुधासाठी तुम्ही दार उघडता. मी ओसरीवर, आई काम करायची तेव्हा बसायचो तिथे, बसलेला असेन.

तुमचा विद्यार्थी